सोमवारचं पाणी

नळीतल्या जेलवर तपकिरी गाळाचा पातळ थर होता. सूक्ष्मदर्शकाची आडवी तार मी आधी थराच्या तळाला लावली, मग वरच्या कडेला. फरक शून्य पूर्णांक चार मिलिमीटर आला. जानेवारीत तोच फरक शून्य पूर्णांक तीन होता. नळीला बूच होतं आणि तिला कुणी हात लावायचा नव्हता, तरी चार महिन्यांत गाळ वाढला होता.

मी वहीत आकडा लिहिला. शेजारी कारणाचा रकाना होता, तो रिकामा ठेवला. जानेवारीतही मी तो रिकामाच ठेवला होता.

हे १९८६ सालच्या मे महिन्यातलं. तापीच्या काठच्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात मी डॉ. भिरूड सरांच्या हाताखाली पीएच. डी. करत होते. आमचा विषय सिलिका जेल. सोडियम सिलिकेट म्हणजे वाळूपासून बनवलेली, पाण्यात विरघळणारी काच. तिच्या पातळ द्रावणात चिंचेतलं टार्टारिक आम्ल घातलं की दोन-तीन दिवसांत ते थिजतं. त्यावर एखाद्या क्षाराचं द्रावण ओतून ठेवायचं. ते जेलमधून इतकं सावकाश खाली झिरपतं, की जिथे आतल्या आम्लाशी त्याची गाठ पडते तिथे घाईघाईचा चुरा न होता नितळ स्फटिक धरतो. महागडी यंत्रं लागत नाहीत. परीक्षानळ्या लागतात आणि धीर लागतो.

आमचा शिपाई शेनफडू या सगळ्याला खीर म्हणायचा. “काय अत्तरदे ताई, जमली का आजची खीर? का पातळच राहिली?” नवी बॅच लावली की हे ठरलेलं. एकदा विद्यापीठातून आलेल्या पाहुण्यांसमोरही त्याने हेच विचारलं होतं आणि सर हसले होते. सर हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

प्रयोगशाळेचे नियम तीन होते. चपला बाहेर काढायच्या. आत चवड्यांवर चालायचं, कारण टाच आपटली की फरशीचा हादरा नळ्यांपर्यंत जातो आणि जेलला भेग पडते. आणि केस रुमालात घट्ट बांधायचे. जेल ओतताना त्यात एक केस जरी पडला, तरी स्फटिक नेमका त्याच केसावर धरतो आणि नळी वाया जाते. पहिल्या वर्षी माझ्या सहा नळ्या अशा गेल्या. सर म्हणाले होते, “जेल काही विसरत नाही. जे पडेल ते धरून ठेवतं.”

गाळ होता तो सतरा नंबरच्या नळीत. ती सरांच्या मुलीने लावलेली. चारुलता तिचं नाव, तेव्हा अकरावीला होती. वडिलांच्या मागे लागून तिने एका रविवारी एकटीने एक नळी लावली होती. पुढे दीड महिन्याने, श्रावणात, कानबाई देवीच्या विसर्जनाला ती बायकांबरोबर नदीवर गेली. तो सोमवार होता. नदी अचानक चढली. चौघी पाण्यात होत्या, तिघी बाहेर आल्या. चारूला आठ दिवस शोधलं. पार खालच्या गावांपर्यंत माणसं गेली. काहीच सापडलं नाही.

मी आले तेव्हा या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. बाकीच्या नळ्या दर दोन-तीन महिन्यांनी फोडून आम्ही स्फटिक काढून घेत असू. सतरा नंबर मात्र तशीच उभी होती. पहिल्याच आठवड्यात सरांनी ती मला दाखवली आणि सांगितलं, “हिची लांबी दर शनिवारी मोजायची आणि आकडा मला द्यायचा. घरी सांगावा लागतो. काकू त्या आकड्यावर दिवस काढते.” काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

मी मोजत राहिले. स्फटिक वाढत होता. आठवड्याला एक शतांश मिलिमीटर, कधी दोन. वरचं कॅल्शियमचं द्रावण कधीच संपायला हवं होतं. संपलं असतं तर जेल सुकून आक्रसलं असतं. पण नळी ओली होती, द्रावणाची पातळी जिथल्या तिथे होती आणि स्फटिक वाढत होता. कॅल्शियम टार्ट्रेटचा स्फटिक सात वर्षं सलग वाढल्याची नोंद मला कुठे सापडली नव्हती. मी त्यावर माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण लिहिलं. सर ते वाचायला घेत आणि परत ठेवत. “बघू,” म्हणत. “हे प्रकरण आत्ता राहू दे. बघू.”

सरांच्या तोंडी हा शब्द फार असे. प्रबंध पंधरा जूनला द्यायचा होता. विभाग महिनाअखेर नव्या इमारतीत जाणार होता, आणि जेलची नळी हातगाडीवरून अर्धा फर्लांग नेली तर तिला भेग पडल्याशिवाय राहणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सतरा नंबरचं काय करायचं, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर तेच.

गाळ मोजला त्याच सोमवारी मी दुपारच्या सुट्टीतून लवकर परत आले. सव्वाची वेळ असेल. सुट्टी पडलेलं कॉलेज, डोक्यावर तापलेलं ऊन, आवारात कावळाही नव्हता. पुढच्या दाराचं कुलूप मी माझ्या किल्लीने काढलं. वाळ्याच्या पडद्यामुळे आत अंधारलेलं होतं, थोडी ओल होती. डोळे सरावल्यावर मला फरशीवरची पावलं दिसली.

ओली पावलं. मागच्या दाराकडून नळ्यांच्या स्टँडपर्यंत आलेली. लहानशी, अनवाणी आणि फक्त पुढचा भाग उमटलेली: पाच बोटं आणि चवडा. टाच एकाही पावलाला नव्हती. शेवटचं पाऊल सतरा नंबरसमोर होतं. परतीचं एकही नव्हतं.

मी तिथेच उभी राहिले. माझ्यासमोर ती पावलं कडांकडून वाळत गेली. बोटं आधी गेली, मग चवडा. पाच मिनिटांत फरशी कोरडी झाली. मागच्या दाराचं कुलूप मी ओढून पाहिलं. लागलेलं होतं. थोड्या वेळाने परत जाऊन पुन्हा ओढून पाहिलं.

शेनफडू आला तेव्हा मी त्याला विचारलं, दुपारी कुणी आलं होतं का. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पावलं दिसली का?”

“तुम्हाला माहीत आहे?”

“सोमवारी दुपारी मी इकडे येतच नाही, ताई. दोन साल झाले.” त्याने झाडू भिंतीला टेकवला. नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता. मग तो खालच्या आवाजात बोलत राहिला. ज्याचं अंग मिळत नाही त्याचं पळसाच्या पानांचं अंग करतात. तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ. हाड, केस, काही मिळालं असेल तर ते पानांत ठेवतात. नसलं तर नुसती पानं. त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस करायचे. सरांना त्यांच्या भावांनी किती वेळा सांगितलं. सर म्हणतात, बघू. “दिवस केल्याशिवाय माणूस जाणार कुठे? आपल्याच घरी येणार ना. पोरीचं घर म्हणजे ही खोली. शाळा सुटली की इथेच पडून असायची.”

माझं शिक्षण या बोलण्याला उत्तर द्यायला पुरेसं होतं. मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक काम केलं, जे जानेवारीतच करायला हवं होतं. पिपेटने सतरा नंबरमधलं दोन मिलिलिटर पाणी काढून घेतलं आणि तपासलं. मूळ द्रावण कॅल्शियम क्लोराइडचं होतं, त्यामुळे त्यात क्लोराइड भरपूर मिळायला हवं होतं. ते नावापुरतं होतं. कॅल्शियम थोडं होतं आणि त्याच्या जोडीला मॅग्नेशियम होतं, जे आम्ही त्या नळीत कधी घातलंच नव्हतं. मग मी पाण्याचे तीन नमुने घेतले: आमचं ऊर्ध्वपातित पाणी, कॉलेजच्या बोअरचं पाणी आणि सायकलवर जाऊन आणलेलं नदीचं. पहिले दोन जुळले नाहीत. तिसरा जुळला. नदीच्या नमुन्यात बाटलीच्या तळाशी रात्रभरात बसलेला गाळही त्याच रंगाचा होता.

चारूच्या नळीत तापीचं पाणी होतं.

मी ब्युरेट धुवून ठेवली. वहीतला कारणाचा रकाना मी त्या दिवशीही भरला नाही. कुणीतरी कॅल्शियम घालत असेल तर माझं पाचवं प्रकरण खोटं होतं. आणि कुणी घालत नसेल, तर त्या रकान्यात काय लिहायचं ते मला येत नव्हतं.

शनिवारी नेहमीसारखं मोजलं. सहा पूर्णांक बेचाळीस. मागच्या शनिवारपेक्षा एक शतांश जास्त. स्फटिकाच्या तळाशी एक बारीक काळी रेघ होती. तिला मी दोन वर्षं ‘भेग’ असं लिहीत आले होते. त्या दिवशी, का कोण जाणे, मी तिची जाडी मोजली. भेग एका टोकाला रुंद असते, दुसऱ्या टोकाला निमुळती होते. ही रेघ सगळीकडे सारखी होती. शून्य पूर्णांक शून्य सात मिलिमीटर. स्फटिकातून निघून ती खाली जेलमध्ये थोडी गेली होती आणि तिथे वळली होती.

मी सरांना लांबीचा आकडा सांगितला. जाडीचा सांगितला नाही. सरांनी तो कागदावर लिहून खिशात ठेवला आणि घरी गेले.

पुढच्या सोमवारी मी जेवायला गेले नाही. सामान हलवायला बुधवारी माणसं येणार होती. प्रयोगशाळेला लागून तराजूची छोटी खोली होती, तिच्या दाराला काच होती. मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला शेनफडूला सांगितलं. “कशाला कोंडून घेता?” एवढंच तो म्हणाला, आणि मग कुलूप लावलं. मी तराजूच्या खोलीत स्टुलावर बसले. साडेबारा झाले. पाऊण झाला. छताचे पत्रे तापून मधूनच टणकन वाजत.

एक वाजायच्या सुमारास मागच्या बाजूचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. थोडा वेळ पाणी पडलं. नळ बंद झाला. मग कुलपात किल्ली फिरली.

आलेल्या व्यक्तीने डोक्यावरून पांढरा रुमाल घट्ट बांधला होता. पाय ओले होते. ती चवड्यांवर चालत होती, एकेक पाऊल टेकवून. दोन्ही हातांत तांब्याचं फुलपात्र होतं. स्टँडपाशी थांबून तिने सतरा नंबरचं बूच काढलं, फुलपात्रात बोटं बुडवली आणि बोटांवरून थेंब थेंब पाणी नळीत सोडलं. पातळी नळीवरच्या जुन्या खुणेला आल्यावर बूच लावलं. मग हात जोडले.

त्या काकू होत्या.

मी दार उघडलं तेव्हा त्या दचकल्या नाहीत. “तुझं जेवण झालं नाही का कुमुद?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या. पायांचं पाणी तोवर वाळलं होतं, आणि परतीची पावलं का नसतात ते माझ्या लक्षात आलं. किल्ली सरांच्या घरच्या खुंटीवरची. सर दुपारी झोपले की त्या काढून आणत. सकाळीच नदीवर जाऊन पाणी भरून ठेवलेलं असे. पाय धुवायचे ते देवघरात जाताना धुतात तसे. चवड्यांवर चालायचं आणि रुमाल बांधायचा, हे चारूने शिकवलेलं.

“काकू, हे पाणी का घालता?”

“नदीने तिला नेलं. तिच्या नळीत दुसरं कुठलं पाणी घालू?”

“तसं नाही. घालताच का?”

त्या फुलपात्राची कड अंगठ्याने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “यांच्यासाठी. दर शनिवारी घरी येऊन आकडा सांगतात. सांगून झाला की जेवायला बसतात. दोन वर्षांपूर्वी एक शनिवार असा आला, की वाढ नाही म्हणाले. तू यायच्या जरा आधीची गोष्ट. त्या दिवशी ताटावरून उठले. पुढच्या शनिवारी पण तेच. मग मी येऊन बघितलं तर वरचं पाणी आटलं होतं. मला काय कळतं त्यातलं? आटलंय तर घालावं म्हटलं. घातलं तर वाढायला लागलं.” त्या थांबल्या. “माझ्यासाठी काय आहे त्या काचेत. माझी पोर नदीत गेली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण यांना वाटतं ती इथे वाढतेय. माणसाला एवढं तरी हवं ना.”

सरांचं वाक्य मला आठवत होतं. काकू त्या आकड्यावर दिवस काढते. मी ते त्यांना सांगितलं. जसंच्या तसं, सरांच्याच शब्दांत.

काकूंनी फुलपात्र जमिनीवर ठेवलं.

मागच्या दारात सर उभे होते. हातात छत्री, पायात चप्पल नव्हती. खुंटीवर किल्ली दिसली नाही म्हणून आले असणार. त्यांनी किती ऐकलं ते मला कळलं नाही. ते आत आले. तेही चवड्यांवरच.

मी ठरवलं होतं की बुधवारच्या आत सांगायचं. म्हटलं, “सर, माझं पाचवं प्रकरण चूक आहे. नळीत बाहेरून कॅल्शियम जातंय. मला जानेवारीपासून शंका होती. मी तपासलं नाही, कारण मला ते प्रकरण हवं होतं. मी ते काढून टाकते.”

“मला माहीत होतं,” सर म्हणाले. “क्षाराचा हिशेब मला येत नाही का? आधी वाटलं शेनफडू घालतो. मग वाटलं, तू घालतेस. विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबलं असतं.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “तू असशील असं मला वाटलं नाही.”

“तुम्ही जेवत नव्हतात,” काकू म्हणाल्या.

सर दुसऱ्या स्टुलावर बसले. छत्री कुठे ठेवायची ते त्यांना सुचेना. मी ती घेतली. बाहेर शेनफडूने पुढचं कुलूप काढल्याचा आवाज आला. तो दारातच थांबला, आत आला नाही.

“सर,” मी म्हणाले, “ती रेघ भेग नाही.”

“नाही.”

“सात शतांश आहे. सगळीकडे सारखी.”

“मला पहिल्या महिन्यातच दिसली होती,” सर म्हणाले. “ती नदीवर गेली त्याच्या आधी. मी तिला रागावलो होतो. रुमाल नीट बांधला नाहीस, नळी वाया घालवलीस म्हणून. फोडून टाक म्हणालो होतो. ती म्हणाली, राहू द्या ना बाबा, बघू काय होतं ते.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “मग ती फोडायची कशी?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “काय आहे त्यात?”

सर उठले, सूक्ष्मदर्शकाची नळी त्यांनी स्वतः जुळवली, आणि काकूंच्या खांद्याला धरून त्यांना भिंगापाशी आणलं. दोन वर्षांत मी त्यांना असं काही करताना पाहिलं नव्हतं. “डावा डोळा मीट,” ते म्हणाले. “खाली बघ, तळाशी. काळं दिसतंय? तिचा केस आहे तो.”

काकू वाकून बघत राहिल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. छताचा पत्रा दोनदा वाजला.

“नळी लावली त्या रविवारी न्हाली होती ती,” डोळा न काढता त्या म्हणाल्या. “मी म्हटलं होतं, वेणी घट्ट घालून जा.”

मग त्या सरळ झाल्या. डोक्यावरचा रुमाल सोडला, त्याची नीट चौकोनी घडी घातली आणि सतरा नंबरच्या समोर टेबलावर ठेवली. सरांनी नळी स्टँडमधून उचलली. सात वर्षांत ती पहिल्यांदा जागची हलली. त्यांनी ती आडवी केली आणि त्या घडीवर ठेवली. जेलमध्ये एका कडेने बारीक भेग चालत गेली आणि स्फटिकापाशी येऊन थांबली. ही खरी भेग होती, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती.

सर दाराकडे वळले.

“शेनफडू,” ते म्हणाले, “तुमच्या गावाकडे पळसाला पानं आली असतील ना? तीनशे साठ लागतील. चारूचे दिवस करायचेत.”